जरा सूज आहे

आमच्या वाशीच्या हॉस्पिटलमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. ओपीडी उघडली की ते स्वतःच नंबर लावून बसतात. मी इथली नवी ज्युनियर डॉक्टर. पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, पेशंटशी खोटं बोलणार नाही. वॉर्डने ते मनावर घेतलं नाही.

* * *

एपीएमसीतले एक माथाडी काका, मूळचे साताऱ्याचे. तोंडातला पांढरा चट्टा दाखवायला आले होते.

"तंबाखू खाता?"

"न्हाई."

वाकले तशी खिशातून पुडी पडली.

"ही?"

"दोस्ताची हाय."

"आणि गालात धरलीय ती?"

"ती बी त्याचीच."

* * *

पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातला एक दणकट वेल्डर. हातभर भाजल्याचे डाग. सुई टोचताना आमच्या सुनंदा सिस्टर सगळ्यांना सांगतात, "मुंगी चावल्यासारखं होईल." मी मध्येच म्हणाले, "दुखेल." सुई टेकायच्या आधीच गडी आडवा.

सिस्टर म्हणाल्या, "बघा, तुमचं खरं मुंगीपेक्षा जोरात चावतं."

* * *

आमच्या सरांचा एक लाडका शब्द आहे, सूज. कॅन्सर निघाला की नातेवाइकांना केबिनमध्ये बोलावून खरं सांगायचं, आणि पेशंटला, "जरा सूज आहे."

मी भांडले. "सर, पेशंटला कळायचा हक्क आहे."

"आहे ना. आधी त्याच्या मेव्हण्याची परवानगी काढ."

* * *

आणि मग दिवाळे कोळीवाड्यातल्या मावशी आल्या. मासळी विकणाऱ्या. रिपोर्ट वाईट निघाला. त्यांच्या मुलाने मला जिन्यात गाठून हात जोडले.

"मॅडम, आईला सांगू नका. ती खचेल."

मी नाही म्हणाले. तो जिन्यातच बसून रडायला लागला. मी तशीच वॉर्डात गेले आणि माझ्याच तोंडून निघालं, "मावशी, जरा सूज आहे."

मावशींनी सरकून पलंगावर जागा केली.

"बस, बाय. चालीस वरसं शिली मासली ताजी म्हनून विकलीय मी. असा बोलताना गिऱ्हाइकाच्या डोल्यात बगाचा, चपलांकडं नाय."

मग मी सगळं सांगितलं, कॅन्सर या शब्दासकट. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पदराने चष्मा पुसला, परत लावला.

तेवढ्यात मुलगा दारात आला. डोळे लाल.

मावशींनी थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"रडतोस कनाला? डाक्टरीन बोलली, जरा सूज हाय."