नजवाचा ऐब

नजवा बोलायला लागली की समोरच्याला तोंड उघडायची सोय नसायची. साठीला टेकलेली ही लेबनीज बाई सिडनीत मेरीलँड्सच्या आमच्या फार्मसीत यायची ती नवऱ्याच्या पाठदुखीच्या गोळ्या न्यायला. पण त्याआधी माझी हजेरी घ्यायची. जेवलीस का? लग्न कधी? एवढी काडी का झालीस? वीस वर्षं बेकरीत कणीक मळून तिची बोटं वाकडी झाली होती, आणि त्याच बोटांनी ती माझा गाल ओढायची. मी जवळच्या हॅरिस पार्क वस्तीत भाड्याने राहणारी, आई पुण्याला, कोविडमुळे विमानं बंद. तिची ही दादागिरी मला हवीहवीशी वाटायची.

२०२१च्या जुलैत आमचा पश्चिम सिडनीचा भाग कडक लॉकडाउनमध्ये गेला. बेकरीने नजवाला घरी बसवलं. तिचा नवरा इल्यास फरशा बसवायचा, त्याचंही काम थांबलं. आणि महिन्याच्या गोळ्या बाराव्या दिवशीच संपायला लागल्या. साध्यासुध्या नव्हेत, अफूच्या जातीच्या. जास्त झाल्या तर माणूस झोपेतच श्वास घ्यायचा थांबतो. एकदा म्हणे खोकं सिंकमध्ये पडलं. दुसऱ्यांदा म्हणे पाहुण्यांनी नेलं. लॉकडाउनमध्ये पाहुणे! बाई, खोटं तरी धड बोल, मी मनात म्हटलं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा मी अशा गोळ्यांचा अंमल उतरवणाऱ्या स्प्रेची डबी काउंटरवर ठेवली. "नजवा, गोळ्या आज मिळणार नाहीत, मी डॉक्टरांशी बोलते. पण हे फुकट आहे, घरात ठेव. इल्यास उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, तर नाकात मार आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलव."

एरवी असं बोलणं आतल्या छोट्या खोलीत होतं. कोविडमुळे ती बंद होती. मास्क आणि प्लास्टिकच्या पडद्यातून ऐकू जावं म्हणून मी चांगली खडसावल्यासारखी बोलत होते. मागे अंतर राखायला जमिनीवर चिकटवलेल्या स्टिकरांवर चौघं उभी होती, त्यातल्या दोघी तिच्याच चर्चमधल्या.

तिने मागे पाहिलं. "ऐब, शुभदा," ती पुटपुटली. "ऐब."

मला केवढं हायसं वाटलं! ऐब तर आपलाच शब्द. खोड, दोष. एकदाचं बाईने कबूल केलं. मी तितक्याच मोठ्याने म्हणाले, "यस नजवा, ऐबच आहे! पण बरा होतो तो!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. डबी तिथेच टाकून ती गेली.

आमच्याकडे काम करणारी रीम अरबी बोलते. तिला मी नुसता शब्दाचा अर्थ विचारला. "ऐब म्हणजे लाज," ती म्हणाली. "लोकांत बोलू नये अशी गोष्ट. गप्प बस म्हणायचं असलं की आम्ही ऐब म्हणतो."

म्हणजे ती मला गप्प बस म्हणत होती, आणि मी चार माणसांसमोर ओरडून सांगितलं की हो, लाजिरवाणंच आहे. माझ्या जिभेला हाड नाही हे आई उगाच म्हणत नाही.

"पण तुमच्यात किती झाकाझाकी!" मी रीमवर चिडले.

"तुमच्यात नाही?" तिने शांतपणे विचारलं.

मला दत्तात्रयकाका आठवला. रोज पिऊन यायचा आणि आम्ही सगळे म्हणायचो, त्याला पित्ताचा त्रास आहे. गेला तेव्हाही पित्तानेच गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या मुठीत काका मेला.

आठवडाभर नजवाने फोन उचलला नाही. मला खरंच भीती वाटत होती. शेवटी एका दुपारी औषधं पोचवायच्या निमित्ताने मी तिच्या दारात गेले. साखळी न काढता तिने दार फटभर उघडलं.

"मला तो शब्द कळला नव्हता," मी हळू आवाजात म्हणाले. "चुकले मी." मग काकाचं सांगितलं. पित्त नव्हतं, दारू होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती ऐकत राहिली. मी डबी पायरीवर ठेवली आणि मागे सरकले. फटीतून हात बाहेर काढून तिने ती उचलली, उलटसुलट पाहिली.

"हा स्प्रे आपला आपल्याला मारता येतो?"

"नाही गं. तेव्हा शुद्धच नसते. दुसऱ्यानेच मारायचा."

तिने साखळी काढली आणि आत हाक मारली. इल्यास आला. धट्टाकट्टा, टक्क जागा, हातात कांदा सोलायची सुरी.

नजवाने डबी त्याच्या हातात दिली.

"याला शिकव," ती मला म्हणाली. "गोळ्या मी खाते."