दिनूसाठी धावलेला माणूस

चांद्याच्या जंगलात बाईमाणसाने एकटीने जाऊ नये, असं मला वर्ध्यात निदान वीस जणांनी सांगितलं. त्यातले एकोणीस वरोऱ्याच्या पुढे कधी गेलेले नव्हते. विसावी माझी आई. तीही "जाऊ नकोस" म्हणाली आणि लगेच दशम्या थापायला बसली.

माझा धाकटा भाऊ दिनू देवीची लस टोचायचं काम करायचा. मागच्या माघात अहेरीपलीकडच्या एका माडिया गावात तो तापाने गेला. आम्हाला तार मिळाली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. आता वर्षाने त्याच्या कचेरीला जाग आली. चांद्याला त्याची तसबीर लावायची ठरली आणि आम्हाला बोलावणं आलं. आईचे गुडघे चालत नाहीत. तिने मला एकच काम सांगितलं, "शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, तेवढं विचारून ये."

चांद्याला जायचं तर सकाळची गाडी धरा, दुपारी डब्यात बसवत नाही. स्टेशनाबाहेर टांगे मिळतात. टांगेवाला भाडं आण्यांत सांगतो आणि मोड नव्या पैशांत देतो, तेव्हा भांडायची तयारी ठेवा. मी शाळेत गणित शिकवते, माझी असतेच.

समारंभात चार जण बोलले. पहिल्याने दिनू आपला सल्ला कसा घ्यायचा ते सांगितलं. दुसऱ्याने आपण तरुणपणी ते जंगल पायी कसं तुडवलं ते सांगितलं. तिसऱ्याने दिनकरचा दीनदयाळ केला, तोही दोनदा. चौथे कचेरीचे मोठे साहेब, सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेले. म्हणाले, "असा निर्भय माणूस मी पाहिला नाही." आमचा दिनू पाल दिसली की खाटेवर चढायचा! पण साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आजारी आहे म्हणून नुसतं कळवलं असतं, तर माझी जीप तासाभरात धाडली असती. पण मानी माणूस, कळवलंच नाही!" मी डोळे पुसले आणि आईला सांगायला ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं. माझ्या त्या मूर्खपणाची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बल्लारपूरवरून आष्टीची बस धरली. आष्टीला वैनगंगा होडीने ओलांडायची, पलीकडे दुसरी बस. पाणी कमी असलं तरी चपला हातात घ्याव्याच लागतात. आलापल्लीत सागाच्या ओंडक्यांचे ढीग घरांहून उंच आहेत. तिथे एका फॉरेस्ट गार्डच्या घरी उतरले. त्याच्या बायकोने भात आणि वालाच्या शेंगांची भाजी वाढली, पैसे काढले तर रागावली. पुढे बैलगाडी. गाडीवान सोमाजी धानाची शेती करणारा, गोंडी उत्तम बोलणारा. गवत भरपूर घालून घ्या, नाहीतर दीड दिवसात हाडं खिळखिळी होतात.

वाटेत एक डाक बंगला लागला. "इथी साहेब लोक शिकारीले येतेत," सोमाजी म्हणाला. "मंग आजूबाजूच्या गावात मानूस म्हनून ठेवत नाईत, सारे हाक्याले." रान उठवून जनावर बंदुकीसमोर हाकायचं, तो हाका. मी बरं म्हटलं आणि दशमी खाल्ली.

गावात दिनू जैनी नावाच्या म्हातारीच्या घरी राहायचा. मी कोण ते कळल्यावर सगळे मोहाच्या झाडाखाली जमले. आधी तांदळाची पातळ पेज, म्हणजे जावा, प्यायला दिली. मग जैनी बोलू लागली आणि सोमाजी मराठीत सांगत गेला.

"बुडी म्हनते, दिनूभाऊ लय भेत होता. मुंग्यांची चटनी पाहून पळून गेला होता."

सगळे हसले. मीही हसले, वर्षभरात त्याच्या आठवणीने पहिल्यांदा.

"पोट्टे सुईले पाहून झाडावर चढत. मंग हा पयले आपल्याच दंडाले टोचे, अन् आई गं म्हने. पोट्टे हासत खाली येत."

एकाने त्याच्या चालण्याची नक्कल केली. एकीने सांगितलं, तो गोंडीत गाणं म्हणायचा आणि त्यातला एक शब्द धड नसायचा. माडिया लोक आपल्या मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. दिनूसाठीही केला होता. तो त्यांच्या कुळातला नाही म्हणून जरा बाजूला, वाटेजवळ. पण केला होता. चांद्याच्या चौघांना त्या दगडापुढे नेऊन उभं करावंसं वाटलं.

मग मी आईचा प्रश्न विचारला. जैनी लगेच बोलली. ती होती. तिच्याच मांडीवर डोकं होतं. एवढ्यात कडेचा एक माणूस उठून चालू लागला. जैनीने त्याला दटावून परत बसवलं. त्याचं नाव लालसू. तो खाली बघत बोलत राहिला, आणि सोमाजी मध्येच थांबला.

"काय म्हणतो? सांगा ना भाऊ."

"बाई, सकारी दिनूभाऊनं यालेच चिठ्ठी लिहून देल्ली. हा धावत बंगल्यावर गेला. जीप उभीच होती. साहेबानं चिठ्ठी वाचली, खिशात टाकली. म्हने, हाक्याले मानसं कमी हायेत, तू बी लाग. शिपायानं धरून रांगेत उभं केलं. दुपारी हा तिथून सटकला. आला, तं भाऊ गेला होता."

"कोणता साहेब?"

लालसूने डोळ्यांभोवती बोट फिरवलं. "सोनेरी काड्यांचा चस्मा," सोमाजीने सांगितलं.

पुढे मी जे बोलले ते शाळेच्या बाईंना शोभणारं नव्हतं. सोमाजीने त्याचं गोंडी केलं नाही, गरजही नव्हती.

"अन् हा म्हनते," सोमाजी हळूच म्हणाला, "मीच उशीर केला. म्हनून तुमाले तोंड दाखवून नाई राह्यला."

मी लालसूसमोर जाऊन बसले. म्हटलं, "तुझी चूक नाही. तू धावलास." सोमाजीने सांगितलं. लालसू मातीकडेच बघत राहिला.

परतीच्या वाटेवरचं काही मला विचारू नका, मी काही पाहिलं नाही. चांद्याला उतरले ती थेट कचेरीत. साहेबांना विचारलं, "दिनूची चिठ्ठी तुम्हाला मिळाली होती ना?"

"त्या माडियाच्या बोलण्यावर तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने विश्वास ठेवावा?"

माडियाचं नाव मी काढलंच नव्हतं. त्यांच्याही ते लक्षात आलं, कारण त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. शिपाई आला तेव्हा मी स्टुलावर चढून तसबीर उतरवत होते. त्याने मला हटकलं नाही, स्टूल धरलं.

घरी आईला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मुंग्यांच्या चटणीला ती हसली. जैनीच्या मांडीपाशी रडली. साहेबांचं सांगताना माझाच आवाज चढला. वरपर्यंत अर्ज करीन म्हटलं, आणि केलाही आहे. उत्तर नाही. येईल असं वाटतही नाही, आणि माझा संताप तसूभरही उतरलेला नाही.  आईने मात्र विचारलं, "त्या लालसूला सांगितलंस ना, की त्याची चूक नाही?"

"सांगितलं."

"पटलं त्याला?"

"नाही वाटत."

"मग मला घेऊन चल. मी सांगते."

मी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग सोमाजीला कार्ड टाकलं, की गाडीत गवत दुप्पट घाल. पावसाआधी जायला हवं, नंतर वाटेतले नाले गाडीला उतार देत नाहीत.