गावाचा नमुना

गावावर प्रेम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण गावाच्या नालीवर जीव टाकणारा माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात एकच निपजला आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोची मोठी बहीण, म्हणजे आमच्या ताई, त्यांच्या घरी दिलेली, म्हणून आम्ही एकमेकांना साडभाऊ म्हणतो. मोताळ्याहून जीपने अर्ध्या तासावर त्यांचं गाव. तिथल्या शाळेच्या प्रयोगशाळेत ते तीस वर्षं परिचर होते. जन्मभर बरण्यांवर चिठ्ठ्या डकवत आलेला हात निवृत्तीनंतर स्वस्थ बसेना, तेव्हा तो ताईंच्या स्वयंपाकघरात शिरला. मिठाच्या डब्यावर ‘मीठ’, साखरेच्या डब्यावर ‘साखर’ आणि लोणच्याच्या बरणीवर तारखेसकट ‘हलवू नये’. ताई वैतागून म्हणायच्या, “एक दिवस माह्या कपाळालेही चिठ्ठी लावतीन हे.” त्यावर साडभाऊ गंभीरपणे म्हणत, “जे इसरते त्याले चिठ्ठी लावा लागते. तुले कोन इसरते?” ताई लाजायच्या आणि डबे तसेच राहायचे.

कोरोना ओसरल्यावर शहरातल्या एका प्रयोगशाळेची मंडळी गावात आली. गावाच्या सांडपाण्यात कुठल्या रोगाचे विषाणू आहेत ते दर आठवड्याला तपासायचं, म्हणजे दवाखान्यात गर्दी होण्याआधीच साथीची चाहूल लागते, अशी त्यांची योजना होती. दर बुधवारी सकाळी सहाला मोठ्या नालीतून एक बाटली भरायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि एसटीने बुलढाण्याला धाडायची. हे काम ऐकून कोणी नाक मुरडलं, कोणाला एकाएकी शेतातली कामं आठवली. साडभाऊंनी मात्र तिथल्या तिथे हातमोजे चढवले. समजावून सांगायला आलेल्या तरुण मॅडमचं म्हणणं त्यांनी आपल्या भाषेत घोटून पाठ केलं आणि पुढे सगळ्यांना ऐकवलं, “माणूस लपवते, नाली लपवत नाही.”

मग त्यांना नाली वाचायचा नादच लागला. मी पुण्याहून तिकडे गेलो आणि सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला निघालो की दर दहा पावलांवर थांबावं लागे. “हे पाहा साडभाऊ, इथं पुरन शिजलं. आन् इथं एवढा साबनाचा फेस काऊन? पाहुने येऊन राह्यले.” हे इतकं बिनचूक निघे की लोक पाहुणे येण्याआधी त्यांनाच विचारून ठेवत. पहिल्या महिन्यात बर्फाचा डबा आला नव्हता, म्हणून एसटी येईपर्यंत बाटली घरच्या फ्रिजमध्येच असायची आणि तिच्यावर चिठ्ठी असायची ‘गाव’. एकदा उन्हातून आलेल्या मी फ्रिज उघडून मठ्ठा समजून ती बाटली उचलली, तर ओसरीवरून साडभाऊ ओरडत धावले, “साडभाऊ, गाव पिऊ नोका!” त्या दिवसापासून ताईंनी फ्रिजला कुलूप घातलं आणि गाव थर्माकोलच्या डब्यात राहायला गेलं. एसटीच्या कंडक्टरने त्या डब्यात काय आहे म्हणून विचारलं, तेव्हाही यांचं उत्तर तेच, “अख्खं गाव हाय.” कंडक्टर म्हणाला, “मंग काढा अख्ख्या गावाचं तिकीट!” यांनी खरंच खिशात हात घातला. शेवटी ड्रायव्हरनेच डबा आपल्या मागे ठेवून घेतला.

साडभाऊंना कुठलंही काम गाजावाजाशिवाय करता येत नाही. दर मंगळवारी संध्याकाळी ते मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून पुकारत, “सर्व गावकऱ्यांनी ध्यान द्यावं. उद्या सकाळी ठीक सहा वाजता गावाचा नमुना घेण्यात येईल.” मी त्यांना म्हणालो, “साडभाऊ, गावाचा नमुना तुम्हीच आहात, वेगळा कशाला घेता?” त्यावर ते तोंडभर हसले होते. अहवाल आठवड्यामागून आठवडे स्वच्छ येत होते. काही आढळले नाही, काही आढळले नाही. सरपंचांनी ते अहवाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले आणि साडभाऊंना शाल-नारळ दिला. ती शाल त्यांनी मे महिन्यातही पांघरली.

अशात त्यांची एकुलती एक मुलगी वैशू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना होता. आणि त्याच आठवड्यात साडभाऊंना किराणा दुकानात एका माणसाच्या गळ्यात कावीळ उतरावी म्हणून घालतात ती माळ दिसली. दोन दिवसांनी दुसऱ्याच्या गळ्यात दिसली, आणि त्याचे तर डोळेही हळदीसारखे. पाण्यातून येणारी कावीळ पोटुशी बाईच्या जिवावर बेतू शकते, हे मॅडमनी त्यांना मागेच सांगितलं होतं. त्यांनी घरी येऊन पाणी उकळलं, वेगळ्या हंड्यात भरलं आणि चिठ्ठी लावली, ‘फक्त वैशू’. पंचायतीत जाऊन त्यांनी पाइप तपासायला सांगितलं, तर सरपंचांनी भिंतीकडे बोट दाखवलं. “तुमचाच अहवाल हाय ना भाऊ? काही नाही म्हनते तो.”

भिंतीवर लिहिलं होतं खरं. साडभाऊ घरी आले आणि त्या रात्री जेवले नाहीत. नाली खोटं बोलते, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना. पुढच्या मंगळवारी नेहमीसारखं पुकारून झाल्यावर ते घरी न जाता मुकाट्याने नालीकडे गेले. पाहतात तर काय, अर्धं गाव तिथे! कोणी खराट्याने नाली घासतंय, कोणी पाण्याच्या बादल्या ओततंय, आणि खुद्द सरपंच ब्लिचिंग पावडरचं पोतं मोकळं करताहेत. “हे काय करून राह्यले?” साडभाऊंनी विचारलं. सरपंचांना तो प्रश्नच कळला नाही. “उद्या नमुना हाय ना भाऊ! सोयाबीनचा नमुना अडत्याले दाखवतो तवा काडीकचरा काढूनच नेतो ना आपन? मंग गावाचा नमुना काय असाच द्यायचा?”

बिचाऱ्यांचं काही चुकलंही नव्हतं. आपल्याकडे नमुना म्हणजे पोत्यातली चांगल्यातली चांगली मूठ. साडभाऊ दर आठवड्याला भोंग्यावरून गावाला तयारी करायला सांगत होते आणि गाव इमानेइतबारे तयारी करत होतं. बुधवारी येणारा ब्लिचिंगचा वास ते आजवर पंचायतीची नेहमीची फवारणी समजत आले होते. ते मला फोनवर म्हणाले, “साडभाऊ, मीच केलं हे. माह्या तोंडानं केलं.” त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांची चेष्टा सुचली नाही.

पुढच्या मंगळवारी हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला, आणि बोलला तेही मारुतीच्या भोंग्यावरून. “सर्व गावकऱ्यांनी ध्यान द्यावं. उद्या नमुना नाही.” मग मारुतीपुढे कान धरून पाच उठाबशा काढल्या. त्या वेळी भोंगा बंद करायचा राहिला होता, त्यामुळे “माफ कर देवा, एक... माफ कर देवा, दोन...” हेही सगळ्या गावाने ऐकलं. पण सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते, माणसं दमलेली होती. म्हाताऱ्याचं काहीतरी चाललंय म्हणून सगळे झोपले. बुधवारी सकाळी सहाला बाटली भरली गेली. जशी होती तशी.

अहवाल आला. काविळीचे विषाणू भरपूर होते. ग्रामसभेत लोक खवळले. गावाचं नाव घालवलं, शाल परत घ्या, असं एक जण ओरडला. साडभाऊ शाल घेऊनच गेले होते. घडी करून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मी खोटं बोललो, हाव. पन नाली खरं बोलली. माही पोरगी पोटुशी हाय. तुमच्याही सुना हायेत.”   मग सरपंचच उठले आणि म्हणाले, “चाला, पाइप पाहू.” शाळेजवळच्या रस्त्याच्या मोरीखाली पिण्याच्या पाण्याचा पाइप फुटून नालीतच बुडालेला सापडला. तो बदलेपर्यंत घरोघरी पाणी उकळलं गेलं, आणि प्रत्येक हंड्याला साडभाऊंची चिठ्ठी होती. वैशूचं रक्त तीनदा तपासलं. तीनही वेळा साडभाऊ दवाखान्याच्या पायरीवर माझ्याशी फोनवर बोलत बसले, आणि तीनही वेळा निव्वळ हवापाण्याबद्दल बोलले. दिवाळीनंतर वैशूला मुलगी झाली. पाळण्याला त्यांनी चिठ्ठी लावली नाही. ताईंनी विचारलं तर म्हणाले, “इले कोन इसरते?”

पुढे ती योजना संपली, बाटल्या यायच्या थांबल्या. वैशू लेकीला घेऊन सासरी, धाड गावाला, गेली. साडभाऊ तिला रोज फोन करतात आणि जेवलीस का, झोपलीस का हे न विचारता एवढंच विचारतात, “तुह्या घरापुढची नाली कशी हाय?” ती हसते आणि सगळं खुलासेवार सांगते. त्या बापलेकींना तेवढं पुरतं.

गेल्या महिन्यात मला ताप आला होता. बायको माहेरी गेलेली, पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच. चार दिवस कोणाला काही कळवलं नाही. उगीच कशाला काळजी, म्हणून. पाचव्या दिवशी साडभाऊंचा फोन आला. मी बरा आहे म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, “तुमच्या इकडची नाली कशी हाय?” मी म्हणालो, “साडभाऊ, इथे सगळ्या नाल्या जमिनीखाली. दिसत नाहीत.” 

“मंग साडभाऊ,” ते म्हणाले, “तुमची खबर आमाले कशी लागीन?”