पाणी न पिणारं कापड

बोहारीण दारात बसून माझे नि आईचे जुने कपडे चाळत होती. बदल्यात मिळणाऱ्या स्टीलच्या पातेल्याची मला हौस नव्हती. कपडे कुणाच्या तरी उपयोगी पडले, एवढं समाधान हवं होतं.

तिने एकेक कपडा चिमटीत चुरगळून पाहिला. आईचं विटलेलं सुती पातळ मांडीखाली ओढलं आणि माझे सगळे कुर्ते परत सरकवले. त्यात प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेला, ‘निसर्गस्नेही’ म्हणून महागात घेतलेलाही एक होता.

“अहो, हा चांगला आहे,” मी म्हटलं.

“असंल ताई. पण फडकं केलं तर पानीबी पीत न्हाई. कोन घेनार?”

किती विचार करून निवडला होता मी तो! आईने कधी असा विचार केला नाही. तिचं पातळ कुणाच्या तरी घरी फरशी पुसत पुसत विरून जाईल. माझी चांगली निवड मात्र माझ्यामागेही उरेल.

कुर्ते पुन्हा कपाटात कोंबले. दार लागेना. शेवटी पाठीने रेटून लावलं आणि तशीच उभी राहिले. बाजूला झाले असते, तर सगळं माझ्याच अंगावर आलं असतं.