सहासष्ट वर, त्रेसष्ट खाली

१२ जानेवारी. सकाळी साडेसात. पापडी गावातल्या आमच्या वाडीत मी राजेळी केळी सोलत बसले होते. सुकेळी करायची म्हणजे केळी पूर्ण पिकलेली हवीत, पण सोलताना मोडता कामा नयेत. सोललेली केळी कारवीच्या काड्यांच्या ताट्यांवर मांडायची, दिवसभर उन्हात ठेवायची, ऊन उतरलं की आत घ्यायची. असं सात-आठ दिवस. मी लष्करातून बाहेर पडल्यापासून हे काम दर हिवाळ्यात करते.

समोर माझ्या भावाची मुलगी श्रुती बसली होती. वय सतरा. मांडीवर जाड इंग्रजी पुस्तक. एका हाताने केळं सोलत होती, दुसऱ्या हाताने पान धरत होती. दोन्ही कामं वाईट चालली होती.

"आत्या, तू कधी लढलीस का गं?"

"नाही."

"मग युद्धाच्या वर्षी तू काय केलंस?"

"दार सांभाळलं."

"या पुस्तकातल्या मुलीसारखं?"

मी पुस्तक उलटं करून कव्हर पाहिलं. मालिका ओळखीची होती. हा सातवा आणि शेवटचा भाग होता. पहिले दोन भाग मी वीसएक वर्षांपूर्वी ऐकले होते. वाचले नव्हते, ऐकले होते. ते कसं, ते श्रुतीला केळी सोलता सोलता सांगितलं, आणि आता लिहून काढते आहे.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होते. आमचं काम रसद: धान्य, रॉकेल, गाड्या. त्या वर्षी सीमेवर दोन्हीकडची सैन्यं समोरासमोर उभी होती. मी कॅप्टन होते, वय सव्वीस. मला पुढच्या तळावर पोस्टिंग हवं होतं, तसा अर्जही केला होता. मिळाली ती उत्तरेकडच्या एका खिंडीच्या पायथ्याची टीसीपी, म्हणजे ट्रॅफिक कंट्रोल पोस्ट. खिंडीचं नाव लिहीत नाही. उंची अकरा हजार फूट. एक बॅरियर, एक पत्र्याची खोली, दोन तंबू, नऊ माणसं.

रूटीन सोपं होतं. 05:00 ला हवामानाचा रिपोर्ट. 06:00 ला बॅरियर उघडायचा आणि कॉनव्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, वर सोडायचा. दुपारी 13:00 पर्यंत सगळ्या गाड्या खाली यायला हव्यात, कारण दुपारनंतर उन्हाने वरचा बर्फ सैल होतो आणि घसरतो. वर किती गाड्या गेल्या, खाली किती आल्या, हे रजिस्टरमध्ये लिहायचं, आकडे जुळले की कंट्रोलला कळवायचं आणि बॅरियर बंद. बस. मी पहिले पंधरा दिवस धुसफुसत होते. पोत्यांच्या गाड्या मोजायला मी युनिफॉर्म घातला नव्हता.

वायरलेसवर नाईक दत्ताराम होता. गुहागरकडचा, वय चोवीस. त्याला अधिकारी व्हायचं होतं. त्यासाठी परीक्षा होती आणि इंग्रजीचा पेपर होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की गोष्टीची पुस्तकं वाच, इंग्रजी सुधारतं. ऑफिसर्स मेसच्या जुन्या पुस्तकांतून त्याला या मालिकेचे पहिले दोन भाग मिळाले होते. रेडिओ शांत असला की तो मोठ्याने वाचायचा, अडलेला शब्द मला विचारायचा आणि मग कथा मराठीत सांगायचा. पुस्तकातल्या 'नाइट'ला, म्हणजे चिलखती सरदाराला, तो शिलेदार म्हणायचा.

कथा अशी. एक तरुण मुलगी शिलेदार होते. युद्ध सुरू होतं. तिला वाटतं, आता आपल्याला रणांगणावर पाठवतील. सेनापती तिला किल्ल्याच्या दारावर उभं करतो. तिच्याकडे एक लाकडी फळी असते. दारातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक माणसासाठी फळीवर एक खुंटी ठोकायची, तो परत आला की खुंटी काढायची. घोडे मोजायचे नाहीत. माणसं मोजायची.

"मॅडम, ही तुमची सख्खी बहीण बघा," दत्ताराम म्हणाला. "हिलाही दारावर बसवलंय. हीपण तोंड पाडून बसलीय."

"दत्ताराम, सेट बघ."

"सेट ठीक आहे, मॅडम. तोंड बिघडलंय ते सेटचं नाही."

बाकीचे हसले. मीही हसले, पण तोंड वळवून.

"ती दार सोडणार बघ," मी म्हणाले. "तिसऱ्या भागात पळून लढाईला जाईल. कुणीही जाईल."

"नाही सोडायची."

"कशावरून?"

"खुंट्या राहिल्यात ना फळीवर. त्या टाकून कशी जाईल?"

त्याच आठवड्यात घरून पार्सल आलं. आईने सुकेळी पाठवली होती, वाळलेल्या केळीच्या पानात बांधलेली. दत्तारामने कधी खाल्ली नव्हती. पहिला घास घेऊन म्हणाला, "मॅडम, हे केळं आहे की मिठाई?" नंतर त्याच्या कोटाच्या खिशात कायम एक पुडी असायची. मी मोजून नऊ पुड्या वाटल्या, तर त्याने दहावी मागितली.

मोजण्यावरून आठवलं. आमच्या आईची एक शिस्त होती. बाजारात केळी फणीने जातात, पण ताटीवर सुकत घातलेली केळी ती एकेक करून मोजायची. सकाळी घालताना आणि दुपारी उचलताना. कावळे नेतात, खारी नेतात, मुलं नेतात. ताटीकडे नजर टाकली तर भरलेलीच दिसते. "ताटी मोजू नको, केळं मोज," हे मी लहानपणापासून ऐकत आले. एकदा मी ताट्या बघून "सगळी आहेत" म्हणाले होते, आणि खरं तर सतरा कमी होती. त्या दिवशी जे ऐकून घेतलं ते अकादमीत कवायत घेणाऱ्या उस्तादांकडूनही कधी ऐकलं नाही.

तर एका सकाळी, वर जाणाऱ्या गाड्या लिहिताना, मी रजिस्टरमध्ये पट्टीने दोन जादा रकाने आखले. माणसं वर. माणसं खाली. एसओपीत, म्हणजे कामाच्या ठरलेल्या नियमांत, हे नव्हतं. प्रत्येक गाडी थांबवून मागचा पडदा उचलून डोकी मोजायला लागायची. ड्रायव्हर वैतागायचे. एकाने विचारलं, "मॅडम, मेंढरं आहेत का आम्ही?" मी म्हणाले, "मेंढरं असता तर बरं होतं, एका रांगेत चालला असता." दत्ताराम खिडकीतून ओरडला, "खुंटी ठोकून घ्या रे!" मोजणी चालू राहिली.

ते सोळा दिवस चाललं. सोळाही दिवस आकडे जुळले. सतराव्या दिवशी जुळले नाहीत.

त्या दिवशी पहाटे बर्फ पडून थांबला होता. 06:20 ला कॉनव्हॉय वर गेला. गाड्या बावीस, माणसं सहासष्ट. 11:30 ला हिमस्खलनाचा इशारा आला: सगळ्यांना लगेच खाली घ्या. 12:48 ला शेवटची गाडी बॅरियरखालून आली. गाड्या बावीस. माणसं त्रेसष्ट.

मी पुन्हा मोजायला लावलं. त्रेसष्टच. मग पाच मिनिटांत उलगडा झाला. चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी, आमच्यापासून सहा किलोमीटर वर, वळणावर चाकं घसरत होती. वेगवेगळ्या गाड्यांतले जवान उतरून फावड्याने रस्ता मोकळा करत होते. इशारा आल्यावर गाड्या घाईने निघाल्या. प्रत्येक गाडीला वाटलं, ते तिघे मागच्या गाडीत चढले. मागे गाडी नव्हती.

कंट्रोलशी बोलणं हिंदीत झालं, इथे मराठीत लिहिते. गेट वन म्हणजे आमची पोस्ट.

"कंट्रोल, गेट वन. गाड्या बावीस वर, बावीस खाली. माणसं सहासष्ट वर, त्रेसष्ट खाली. ओव्हर."

"गेट वन, गाड्या पूर्ण आहेत. बॅरियर बंद करा. ओव्हर."

"माणसं पूर्ण नाहीत. बंद करत नाही. ओव्हर."

मग कंट्रोलवरचे मेजरसाहेब स्वतः सेटवर आले.

"मोजणी चुकली असेल. ओव्हर."

"दोनदा मोजली, सर. तिघे चौदाव्या किलोमीटरला आहेत. ओव्हर."

"इशारा वाचलात ना? ओव्हर."

"वाचला, सर. ओव्हर."

"एक गाडी. कमीत कमी माणसं. 14:15 ला सगळे खाली. त्यानंतर कुणीही वर जाणार नाही. ओव्हर."

"रॉजर. आउट."

ड्रायव्हर बलबीर तोपर्यंत वन टनर गाडीच्या चाकांना चेन लावून तयार होता. मी ग्लोव्हज चढवले आणि गाडीकडे निघाले. दत्ताराम पाठीवर सेट घेऊन आडवा आला.

"मॅडम, तुम्ही कुठे?"

"वर."

"तुम्ही गेलात तर इथे मोजणार कोण?"

तो बरोबर बोलत होता. वर सेट लागणारच होता आणि सेट चालवणारा तोच होता. मी ग्लोव्हज काढले. "जा," म्हणाले. तो माझा हुकूम होता. हे मी इतक्या वर्षांत कधी फिरवून सांगितलेलं नाही.

13:02. रजिस्टरमध्ये लिहिलं: गाडी एक, माणसं दोन, वर.

13:34 ला त्याचा आवाज आला. "गेट वन, तिघे सापडले. रस्त्याखालच्या कल्व्हर्टच्या आडोशाला होते. एकाचे पाय गारठलेत, चालता येत नाही. बाकी ठीक. ओव्हर."

"लगेच निघा. ओव्हर."

13:46. "बॅरियरच्या दोन किलोमीटर वर बर्फ उतरलाय. गाडी पलीकडे नेता येत नाही. चालत पार करतो. खालच्या बाजूला गाडी पाठवा. ओव्हर."

अशा जागी ड्रिल ठरलेला असतो. उतार एकदम सगळ्यांनी ओलांडायचा नाही. एकेकाने, अंतर ठेवून. बाकीच्यांनी थांबून वर लक्ष ठेवायचं. मी पलीकडच्या बाजूला दुसरी गाडी पाठवायची तयारी केली, कंट्रोलकडे परवानगी मागितली आणि कान सेटला लावला.

"पहिला पार. ओव्हर."

"दुसरा पार. ओव्हर."

मग बराच वेळ काही नाही. मग, "बलबीर तिसऱ्याला पाठीवर घेऊन निघालाय. ओव्हर."

14:07. "बलबीर पार. तिसरा पार. चार जण पलीकडे. खुंट्या काढा, मॅडम. ओव्हर."

"पाचवा कुठे आहे? ओव्हर."

"पाचवा निघतोय. आउट."

14:09 ला वरून आवाज आला. ढग गडगडल्यासारखा नाही. जड कापड फाटावं तसा. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. पांढरी धूळ उठली आणि हळूहळू बसली. मी सेटवर चार वेळा हाक मारली. पाचव्यांदा कंट्रोलने उत्तर दिलं: कुणीही वर जाणार नाही, दुसरी गाडीही नाही.

14:40 ला चौघे चालत बॅरियरपाशी आले. बलबीरने पाठीवरच्या जवानाला खाली ठेवलं आणि रस्त्यातच बसला. मी चौघांना मोजलं. सदुसष्ट. अडुसष्ट वर गेले होते.

पुढची सकाळ सांगण्याआधी आभार मानून घेते, नंतर ते राहून जातात.

त्या तिघांपैकी ज्याला चालता येत नव्हतं तो आज दोन मुलींचा बाप आहे. दर दिवाळीला फोन करतो. मुली मला बुआ, म्हणजे आत्या, म्हणतात. बाकीचे दोघेही पेन्शन घेऊन घरी आहेत. मेजरसाहेबांचे आभार, त्यांनी इशारा हातात असताना मला तासाभराची मुभा दिली. नसती दिली तरी नियमाने ते बरोबरच ठरले असते. आईचे आभार, सतरा केळ्यांबद्दल. पुस्तक लिहिणाऱ्या त्या बाईंचे आभार, त्यांना हे कधी कळणार नाही. आणि दत्तारामचे. तो नसता तर मी ती पुस्तकं ऐकली नसती आणि रकाने आखले नसते.

मी त्याच्या आईला भेटायला गुहागरला गेले. खूप काही बोलायचं ठरवून गेले होते. त्यांनी एकच विचारलं, "जेवला होता का ओ तो?" मी म्हणाले, "जेवला होता. आणि खिशात सुकेळी होती." त्या म्हणाल्या, "मग बरं." तेव्हापासून इथून सुकेळी जाते, तिथून कोकमं येतात. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. सुकेळी चाववत नाही, म्हणून दुधात भिजवून खातात.

हे ऐकून श्रुतीने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मी तिला विचारलं, "ती दार सोडते का शेवटी?"

"सांगू? मजा जाईल."

"सांग."

"नाही सोडत. युद्ध संपतं, सगळे घरी जातात, तिला पण जा म्हणतात. पण फळीवर एक खुंटी राहिलेली असते."

"मग?"

"मग थांबते."

म्हणजे दत्ताराम बरोबर होता. मी पुढचं केळं उचललं.

आता ती सकाळ.

05:00 ला हवामान स्वच्छ. 06:10 ला शोधपथक वर गेलं. मी पडदा उचलून डोकी मोजली आणि नवीन पानावर लिहिलं: माणसं वर, बारा. 09:40 ला सेटवर कळलं की दत्ताराम सापडला. रस्त्यापासून वीस पावलांवर. सेट पाठीवरच होता. 10:25 ला गाडी बॅरियरपाशी आली. मी पडदा उचलला. बारा बसलेले होते, एक स्ट्रेचरवर. मी प्रत्येकाला मोजलं.

रजिस्टर घेऊन उभा असलेला हवालदार हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, बॉडीचा रकाना वेगळा आहे."

मी पेन त्याच्याकडून घेतला. माणसं खाली, या रकान्यात तेरा लिहिलं. मग आदल्या दिवसाचं पान उलटलं, सदुसष्टच्या शेजारी 'उरलेला एक पुढच्या पानावर' असं लिहून वेळ आणि सही घातली. दोन्ही पानं मिळून ऐंशी वर, ऐंशी खाली. आकडे जुळले. गाडीपासून दोन पावलं मागे सरून सॅल्यूट केला आणि गाडी पुढे जाण्यासाठी बॅरियर उघडला.