एकाच छापखान्याच्या पोथ्या

परवा पुसेगावला सप्ताहाच्या पारायणात बसून मी चक्क जागेपणी स्वप्न बघत होते. मांडवात पंखे फिरतायत, कुठूनतरी हळदीचा वास येतोय आणि सगळ्या बायकांचा मिळून एकच आवाज... वाचत नव्हतेच मी, नुसती वाहत होते.

तरी मनात संध्याकाळची मीटिंग होतीच. मी घरून ब्लॉकचेनचं काम करते. म्हणजे एकच नोंद अनेक कॉम्प्युटर सांभाळतात आणि बहुतेकांचं जुळलं की ती खरी धरतात.

आमच्या नेटवर्कवर जवळजवळ सगळे एकच सॉफ्टवेअर वापरतात. त्याच कामाचं दुसरं, वेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं, मी जिवापाड सांभाळते... आणि टीमला त्या मीटिंगमध्ये ते बंद करायचं होतं. मीही हात टेकले होते.

तेवढ्यात शेजारी बसलेली माझी काकू भलतीच ओवी वाचायला लागली. तीही खड्या आवाजात!

सगळ्या थांबल्या. प्रत्येकीनं शेजारणीच्या पोथीत डोकावून खात्री करून घेतली. मागून कुणीतरी म्हणालं, "आमचं समद्यायचं बराबर हाय. काकू, तुमीच चुकून राहिल्या."

"न्हाई. माह्या पोथीत हाय, मी वाचणार." काकू हटून बसली.

पारायण चालवणाऱ्या महाराजांनी दोन्ही पोथ्यांतले पानांचे आकडे पाहिले आणि हसायलाच लागले. गावातल्या एका दात्यानं सगळ्या पोथ्या एकाच छापखान्यातून आणलेल्या, आणि सगळ्यांत तेच पान गायब! काकूची तेवढी जुनी, माहेरची. आम्ही एका सुरात चुकत होतो, म्हणून तर कुणाला कळलं नाही... माझी गुंगी खाडकन उतरली.

घरी येताना काकूला माझं सगळं सांगितलं. ब्लॉकचेन तिच्या डोक्यावरून गेलं.

"तुही पोथी येगळी हाय ना? मंग जोरात वाच की माय. मनातल्या मनात काहून वाचून राहिलीस?"

संध्याकाळी माइक चालू केला. टीमला पारायणाची गोष्ट सांगितली. म्हटलं, त्या एका सॉफ्टवेअरमध्ये चूक निघाली तर सगळे कॉम्प्युटर मिळून चुकतील, आणि थांबा म्हणायला कुणी उरणार नाही.

टीम लीड म्हणाला, ठेवू या. उलट आणखी काही कॉम्प्युटरवर चढवू या.

मी अंगणात येऊन नुसती उभी राहिले. इतकं हलकं वाटत होतं... सगळ्यांच्या सुरात सूर मिसळायला मला आजही फार आवडतं. पण त्या दुपारी काकूच्या शेजारी जागा मिळाली, हे माझं नशीब.