प्रश्नचिन्हाआधीची जागा

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. तास चालू असताना फोन बंद ठेवायची माझी सवय. स्टाफरूममध्ये येऊन पाहिलं तर लातूरहून सात वेळा रिंग येऊन गेलेली. उलटा फोन लावला. वहिनी रडत नव्हत्या. "भाऊजी, हे गेले. सकाळी चहा घेतला, दाढी केली, आन् बसल्या जागी..." मग म्हणाल्या, "एक वही हाय. तुमचं नाव घातलंय वरती. मी उघडली न्हाई. आलात की घेऊन जा." पस्तीस वर्षांपासूनचा मित्र गेल्याचं कळल्यावर माणसाला आधी मित्र आठवावा. मला आधी ती वही दिसली. भीती वाटली, ती दिगंबर गेला म्हणून नव्हती. वहीत काय असेल म्हणून होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायचं धाडस राहील याची खात्री नाही.

नांदेडहून लातूरला गेलो, खांदा दिला, परत आलो. तेराव्याला पुन्हा गेलो. वहिनी घरभर कामात होत्या, मी त्यांच्या नजरेला पडणार नाही असा मांडवाच्या कडेला बसलो आणि जेवण होताच निघालो. वही मागितली नाही.

दिगंबर मुदखेडचा, मी उमरीचा. कॉलेजच्या दिवसांत सकाळची गाडी पकडून दोघंही नांदेडला यायचो. मी आधीच बसलेला असायचो, मुदखेडला तो चढायचा आणि जागा नसली तरी मला सरकवून बसायचा. स्टेशनजवळच्या टंकलेखनाच्या क्लासला आम्ही एकदमच नाव घातलं. सहा महिन्यांत त्याचा हात असा बसला की आमच्या सरांनी त्याला विद्यार्थी म्हणून ठेवलंच नाही, शिकवायला लावलं. मग तो माझ्याच खुर्चीमागं उभा राहून माझे कागद तपासू लागला. माझी एक खोड त्याला कधीच मोडता आली नाही. प्रश्नचिन्हासाठी शिफ्टची कळ दाबावी लागे. करंगळी ती शोधेपर्यंत माझा अंगठा खालच्या पट्टीवर पडायचा आणि प्रश्नचिन्हाआधी एक मोकळी जागा सुटायची. दिगंबर लाल पेन्सिलीनं तिथं गोल करायचा. एकदा वैतागून म्हणाला, "मध्या, सगळ्या क्लासात तुझा कागद लांबूनच वळखू येतो बे. तुझं प्रश्नचिन्ह दारात हुबं ऱ्हाऊन 'आत येऊ का' म्हणून इचारतंय." सगळा क्लास हसला. मीही हसलो.

पुढं मी नांदेडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो आणि तो लातूरला गेला. तिथं त्यानं स्वतःची टंकलेखन संस्था काढली. बारा मशिनी, भिंतीला लागून बाकडी, आणि खिडकीत मनीप्लँटची बाटली. टाइपरायटर गेले, संगणक आले, तोही शिकला. दुपारी पोरं नसत तेव्हा तो संगणकावर लोकांचे मराठी ब्लॉग वाचत बसे. स्वतः काही लिहीत नसे, फक्त प्रतिक्रिया देई. आणि त्या प्रतिक्रियांसाठी लोक त्याला ओळखू लागले.

उदगीरच्या एका बाईंनी वडिलांच्या सायकलीवर लिहिलं होतं. खाली 'छान', 'अप्रतिम', जोडलेल्या हातांची चित्रं, अशी रांग लागलेली. दिगंबरनं लिहिलं होतं, 'वडील घरी आले की घंटी दोनदा वाजायची असं तुम्ही म्हणता. दोनदा का, ते राहून गेलंय. सांगाल का?' त्या बाईंनी पुढचा अख्खा लेख त्या एका प्रश्नावर लिहिला. पहिली घंटी आईसाठी होती आणि दुसरी गोठ्यातल्या म्हशीसाठी.

मी त्याला एकदा विचारलं, इतका वेळ का घालवतोस? लोक तर 'छान' लिहून मोकळे होतात. तो म्हणाला, "'छान' म्हंजे बाहेरून दाराची कडी वाजवून पळून जाणं. आत माणूस उठून बसतंय ना, कोण आलं बघायला." त्याची पद्धत ठरलेली होती. लेख वाचला की उठून पाणी प्यायचं. मग दोनशे पानी वहीत पेनानं प्रतिक्रियेचा कच्चा खर्डा काढायचा. एक दिवस तो तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्यातलं 'मी' आणि 'माझं' जेवढं खोडता येईल तेवढं खोडायचं. "दुसऱ्याच्या वसरीवर बसून आपल्याच घरचं सांगत बसू न्हाई," म्हणायचा. चूक दिसली तर ती खाली चारचौघांत लिहायची नाही, ईमेल करून एकट्याला सांगायची. आणि काहीही लिहिलं तरी खाली नाव, गाव.

मलाही त्यानं तसंच एकट्याला सांगितलं. मी ब्लॉगवर आईच्या शेवटच्या दिवसांवर लिहिलं होतं. लोकांनी डोक्यावर घेतलं. दिगंबरनं लेखाखाली फक्त एका वाक्याबद्दल लिहिलं, आई उशाशी ठेवायची त्या पाण्याच्या तांब्याबद्दल. दोन दिवसांनी त्याचा मेल आला. 'मधू, तांब्याचं वाक्य तुझं आहे. बाकीचं लिहिताना तू आईकडं नाही, वाचणाऱ्यांकडं बघत होतास. राग आला तर येऊ दे, पण एकदा पुन्हा वाचून बघ.' मी पुन्हा वाचलं नाही. त्याच्या मेलला उत्तरही दिलं नाही. राग आला होता, आणि तो खरं बोलतोय हे कळत असल्यामुळं जास्त आला होता.

वर्षभरानं दिगंबरनं स्वतःचा ब्लॉग सुरू केला. क्लास जवळपास बंद पडला होता. ब्लॉगचं नाव 'मधली ओळ', म्हणजे कीबोर्डवरची ती ओळ, जिथं बोटं नेहमी परत यायला हवीत. टाइपरायटरची घंटी, नोकरीसाठी तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेली निलंग्याची पोर, रिबन बदलताना काळे झालेले हात, असं साधंसुधं तो लिहायचा. मी ते वाचायचो आणि खाली काही लिहायचो नाही. एके दिवशी इथल्या एका पुरवणीच्या संपादकांनी मला रस्त्यात थांबवलं. माझे लेख ते अधूनमधून छापत, बहुतेक परत पाठवत. म्हणाले, "सर, हे लातूरचे टायपिंगवाले कोण हो? काय लिहितो माणूस! तुमच्या ओळखीचे आहेत का?" मी म्हणालो, "असतील कुणीतरी."

त्याच दुपारी, दोन तासांच्या मधल्या वेळेत, स्टाफरूमच्या संगणकावर बसून मी त्याच्या लेखाखाली प्रतिक्रिया लिहिली. नावाच्या जागी 'अनामिक' निवडलं. भाषा बदलली. मी एरवी लिहीत नाही असे जड शब्द मुद्दाम घातले. ती प्रतिक्रिया इथं देतो, कारण ती झाकून ठेवण्याचा अधिकार मला राहिलेला नाही. 'लेखकाने आयुष्यभर इतरांचा मजकूर टंकलिखित केला. आता स्वतःचा म्हणून जे लिहीत आहेत, तेही यांत्रिकच आहे. यास साहित्य म्हणावे का ? की हा निव्वळ बोटांचा सराव ?'

त्यानं मला एकट्याला सांगितलं होतं, नावानिशी. मी त्याला चारचौघांत सांगितलं, नाव झाकून. आणि माझं म्हणणं खरंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी खाली त्याचं उत्तर आलं. 'आपण शेवटपर्यंत वाचलंत याबद्दल आभार. न वाचता इतकं नेमकं लिहिता येत नाही. सरावच असेल. मला दुसरं काही येत नाही. पुढं लिहिताना ध्यानात ठेवीन. दिगंबर, लातूर.' पुढं त्यानं लिहिलंच नाही. 'मधली ओळ' तिथंच थांबली.

आठवड्यानं त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "काय परफेसर, माझ्या ब्लॉगवर कुणीतरी लिहून गेलंय. वाचलास का?"

"वाचलं."

"मग?"

"मनावर घेऊ नकोस. असतात असे लोक."

"तुला काय वाटतं, खरं हाय का त्याचं?"

मी 'नाही' म्हणू शकलो असतो. तेवढं तरी. मी म्हणालो, "ज्याचं त्याचं मत असतं." आणि लगेच विचारलं, "शोधून काढता येतं म्हणे, कुठून लिहिलंय ते?"

"येत असंल," तो म्हणाला. "पण नाव झाकून आलेल्याचं तोंड आपण कशाला उघडं करावं? त्याचं त्यानं करावं. आपण वाट बघत बसावं..." आणि मग एकदम, "च्या घेतलास का? ठेवतो."

शेवटची भेट यंदाच्या उन्हाळ्यातली. लातूरला एका लग्नाला गेलो होतो. टाळलं असतं, पण लग्नात सुमनवहिनी भेटल्या आणि ओढून घेऊन गेल्या. क्लासच्या खोलीत एकच जुनी मशीन उरली होती, रेक्झिनच्या खोळीत. बाकीच्या भंगारात गेल्या होत्या. दिगंबरनं खोळ काढली, कागद चढवला, मला खुर्चीवर बसवलं आणि पूर्वीसारखा मागं उभा राहिला. "मार काहीतरी. बघू हात ऱ्हायलाय का."

काय लिहावं सुचेना. 'कसा आहेस' एवढं मारलं. करंगळी शिफ्टकडं गेली, अंगठा पट्टीवर पडला, आणि प्रश्नचिन्ह उमटलं... जागा सोडून. ती जागा मला दिसली आणि मी कळांवरून हात काढून घेतले. स्टाफरूममधला तो मजकूर डोळ्यांपुढं आला. शब्द बदलले होते, भाषा बदलली होती. अंगठा बदलला नव्हता. मागं वळून बघायची हिंमत होईना. दिगंबरनं माझ्या खांद्यावरून हात घालून कागद काढला, बराच वेळ बघितला, घडी घालून खिशात ठेवला. "हात तसाच हाय बे तुझा," म्हणाला. बस्स. मग वहिनींना हाक मारून त्यानं चुरमुऱ्यांचा सुशीला करायला सांगितला, कारण मला तो आवडतो. मी खाल्ला. दोन वेळा मागून घेतला. आणि काहीही न बोलता नांदेडच्या गाडीत बसलो.

त्या दिवसापासून एकच प्रश्न मला कुरतडत होता. त्याला ठाऊक होतं का? की त्या दिवशी माझ्या हातामुळंच कळलं? विचारायचं ठरवत राहिलो. दिवाळीत जाऊ, सुट्टीत जाऊ... आणि मग त्या सात रिंगा.

सहाव्या आठवड्यात वहिनींचा पुन्हा फोन आला. "भाऊजी, वही तशीच हाय. तुमाला नको असली तर तसं सांगा." त्यांचा आवाज कडक नव्हता, पण मी त्याच दिवशी निघालो. वहिनींनी वही पिशवीत घालून दिली. वर त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मधुकरला देणे.' दारापर्यंत आल्यावर म्हणाल्या, "तुमचं काय वाजलं होतं का दोघांचं?" मी वाकून चपला घालू लागलो.

गाडीत पिशवी मांडीवर होती. अहमदपूर मागं पडलं तरी उघडली नाही. लोह्याला गाडी थांबली, शेजारचा माणूस उतरला, तेव्हा उघडली. पानंपानं खर्डे होते. सायकलीचा, माझ्या आईवरच्या लेखाचा, आणखी कितीतरी अनोळखी लोकांच्या लेखांचे. शोधत शोधत ते पान आलं. वर तारीख होती, माझ्या प्रतिक्रियेच्या दुसऱ्या दिवसाची. खाली पहिली ओळ होती, 'प्रिय मध्या, लई लागलं बे.' तिच्यावर एकच रेघ, वाचता येईल इतकी हलकी. खाली पुन्हा, 'मधू, तुला असं वाटत असेल तर तू मेल का केला नाहीस?' तीही खोडलेली. मग एक कोरी ओळ. आणि मग, 'आपण शेवटपर्यंत वाचलंत याबद्दल आभार.'

त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फोनवर त्यानं 'मग?' विचारलं तेव्हा ठाऊक होतं. मला त्या मशीनसमोर बसवलं तेव्हा ठाऊक होतं. त्याला काही ताडून बघायचं नव्हतं. तो मला दार उघडून देत होता, एकदा नव्हे, दोनदा. आणि मी दोन्ही वेळा उंबऱ्यावरून परत फिरलो होतो.

गेल्या रविवारी मी 'मधली ओळ' उघडली. त्याच्या त्या उत्तराखाली लिहिलं, 'वरची प्रतिक्रिया माझी आहे. ती खोटी होती.' खाली नाव लिहिलं, गाव लिहिलं. उदगीरच्या त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याखाली विचारलं, 'हे त्यांना माहीत होतं का?' त्यांना उत्तर लिहायला मला एक दिवस लागला. उठून पाणी प्यालो, वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर खर्डा काढला, 'मी' जेवढे खोडता आले तेवढे खोडले. शेवटी एकच शब्द उरला. 'होतं.'

वहीच्या शेवटच्या पानाला टाचणीनं एक कागद लावलेला आहे. त्याची घडी मी ओळखतो. वर माझं, 'कसा आहेस ?' लाल पेन्सिलीचा गोल नाही. खाली त्यानं, मी गेल्यावर, त्याच मशीनवर उत्तर मारून ठेवलं आहे. ज्या माणसाच्या हातून पस्तीस वर्षांत एक जागा इकडची तिकडं झाली नाही, त्यानं ती या एका ओळीत सोडली आहे. मी सोडतो तशीच. पुरवणीच्या मुद्रितशोधकांना विनंती, हे छापताना ती मिटवू नये.

'बरा आहे. तू ?'